पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी डिजिटल साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा पीएच.डी. करणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने घडी बसवणाऱ्यांचे आहेत, पुढचे बहुतेक काहीतरी बिघडल्यावर आलेले. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. नुकताच प्रवेश झालाय. नेमकी किती अ‍ॅप्स लागतात?

पाच गोष्टींना जागा लागते: तारखा, करायची कामे, वाचलेले संदर्भ, स्वतःची टिपणे आणि फाइली. प्रत्येकीची एकच जागा ठरवा. एक कॅलेंडर, कामांची एक यादी, एक संदर्भ-व्यवस्थापक (वाचलेले संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारा प्रोग्रॅम), टिपणांचे एक अ‍ॅप आणि नियमित बॅकअप होणारे एक फोल्डर एवढ्यावर अख्खा प्रबंध निभावतो. एकाच प्रकारची माहिती दोन ठिकाणी राहायला लागली की घोटाळा सुरू होतो. लेखावरचे अर्धे शेरे पीडीएफवर, अर्धे टिपणांच्या नोशन अ‍ॅपमध्ये, आणि नेमका हवा तो शेरा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेला.

नवे अ‍ॅप घ्यावेसे वाटले तर आधी दोन गोष्टी तपासा. नेट नसताना ते चालते का? आणि त्यातला मजकूर बाहेर काढता येतो का, कोणत्या स्वरूपात? साधा मजकूर, मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारा मजकूर), सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) आणि बिबटेक (संदर्भांची फाइल) ही स्वरूपे इतर प्रोग्रॅममध्येही उघडतात. पीएच.डी. अनेक वर्षे चालते. तेवढ्या काळात एखाद्या अ‍ॅपचे दर बदलतात, एखादे बंदच पडते.

२. कॅलेंडर आणि टू-डू लिस्ट वेगळी कशाला? सगळे एकातच का नको?

ठरलेल्या वेळी घडणाऱ्या गोष्टी कॅलेंडरात: तास, मीटिंग, सादरीकरण, मुदत. बाकीची कामे यादीत. कामे कॅलेंडरात टाकली की न झालेली कामे मागच्या तारखांवर पडून राहतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

यादीतली नोंद क्रियापदावर संपू द्या. 'प्रकरण २' अशी नोंद महिनाभर तशीच राहते. 'प्रकरण २ मधला नमुना-निवडीचा परिच्छेद लिहिणे' किंवा 'तक्ता ३ चे आकडे मूळ फाइलीशी ताडून पाहणे' या नोंदी संध्याकाळपर्यंत खोडल्या जातात. एका बैठकीत न संपणारे काम फोडून लिहा.

मोठ्या मुदतीसाठी कॅलेंडरात तीन नोंदी करा: खरी मुदत, गाईडकडे मसुदा पाठवण्याची तारीख (किमान दोन आठवडे आधी), आणि नवीन मजकूर लिहिणे थांबवून फक्त तपासणी सुरू करण्याचा दिवस. लिहिण्याचे तासही कॅलेंडरात अडवून ठेवा. ते रिकामे दिसले की त्या वेळेत दुसरे काहीतरी येऊन बसते.

यादीसाठी गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टूडूइस्ट यातले काहीही चालेल. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून यादी वाचून काढणे अ‍ॅपच्या निवडीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

३. टिपणांसाठी नोशन घेऊ की ऑब्सिडियन?

ऑब्सिडियनमधले प्रत्येक टिपण तुमच्याच संगणकावर साध्या मार्कडाउन फाइलीत असते. नेट नसले तरी चालते, आणि उद्या ऑब्सिडियन सोडले तरी फाइली जागच्या जागी राहतात. नोशन मुख्यतः ऑनलाइन चालते. त्यातले तक्ते आणि एकत्र काम करण्याची सोय उत्तम आहे, पण बाहेर काढताना तक्त्यांचे सीएसव्ही होते आणि नोंदींमधले परस्परसंबंध बरेचसे तुटतात. एकट्याच्या वाचन-टिपणांसाठी आमचा कौल ऑब्सिडियनला. प्रयोगशाळेतल्या चार-पाच जणांना एकच वेळापत्रक किंवा साहित्याची यादी सांभाळायची असेल तर नोशन घ्या. ऑब्सिडियनसारखेच पण मुक्तस्रोत हवे असेल तर जॉप्लिन आहे.

टिपण लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या दिसू द्या: लेखकाचे जसेच्या तसे वाक्य (अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह), लेखकाचा मुद्दा तुमच्या शब्दांत, आणि तुमचे स्वतःचे मत. हे वेगळे ठेवले नाही तर दोन वर्षांनी ते वाक्य कुणाचे हे ओळखता येत नाही. नकळत होणाऱ्या वाङ्मयचौर्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

४. झोटेरो, मेंडली की एंडनोट?

गाईड किंवा सहलेखक ज्यावर काम करतात ते पाहा आणि तसे बंधन नसेल तर झोटेरो घ्या. ते मुक्तस्रोत आहे, मोफत आहे, २००६ पासून चालू आहे, आणि सगळा डेटा तुमच्या संगणकावर ठेवते. एंडनोट विकत घ्यावे लागते. मेंडली एल्सविअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचे आहे. एकातून दुसऱ्यात जाताना आरआयएस (संदर्भांचेच आणखी एक स्वरूप) किंवा बिबटेक फाइल काढून संदर्भ नेता येतात, पण फोल्डरांची रचना आणि पीडीएफवरच्या खुणा सहसा मागे राहतात. त्यामुळे बदलायचे असेल तर लवकर बदला.

५. झोटेरो पहिल्याच दिवशी नीट कसे लावायचे?

१) संगणकावर झोटेरो आणि ब्राउझरमध्ये त्याचे कनेक्टर (वेबपानावरून संदर्भ उचलणारी जोडणी) टाका. २) खाते स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर उघडा (कारण प्रश्न १८ मध्ये आहे). ३) लेख शक्यतो जर्नलच्या मूळ पानावरून कनेक्टरने घ्या, म्हणजे लेखक, वर्ष, खंड आपोआप भरले जातात. ४) पुस्तक किंवा लेखाचा क्रमांक हाताशी असेल तर जादूच्या छडीचे चिन्ह दाबून डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) अथवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टाका. ५) पीडीएफ आधीच गोळा केल्या असतील तर त्या खिडकीत ओढून टाका. झोटेरो त्यांची माहिती शोधते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये वाचता येईल असा मजकूरच नसतो, म्हणून त्यांची माहिती सापडत नाही. ती हाताने भरा.

लेख आल्या आल्या नोंद तपासून घ्या. एकाची नोंद दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो. चारशे नोंदी प्रबंध सादर करायच्या आठवड्यात दुरुस्त करणे फार जड जाते.

कलेक्शन म्हणजे फोल्डर नव्हे. एकच लेख तीन कलेक्शनमध्ये दिसू शकतो आणि तरी नोंद एकच असते. म्हणून कलेक्शनमधून काढला तरी लेख लायब्ररीत राहतो, पण 'ट्रॅश'मध्ये टाकला की सगळीकडून जातो. एक चांगली सोय बऱ्याच जणांना माहीत नसते: लायब्ररीतला एखादा लेख मागे घेतला गेला असेल, तर झोटेरो रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाच्या माहितीच्या आधारे त्या नोंदीवर ठळक इशारा दाखवते.

६. झोटेरोची ३०० एमबी जागा भरली. आता पैसे भरावेच लागतील का?

नाही. ३०० एमबीची मर्यादा फक्त झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलींना आहे. संदर्भांच्या नोंदी, टिपा आणि टॅग यांचे सिंक मोफत चालूच राहते. पीडीएफसाठी तीन पर्याय आहेत: झोटेरोची जागा विकत घ्या, सेटिंगमध्ये जाऊन फाइलींसाठी वेबडीएव्ही सेवा (फाइली दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याची एक पद्धत) जोडा, किंवा पीडीएफ स्वतःच्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून झोटेरोत फक्त दुवे ठेवा. शेवटच्या पर्यायात 'बेस डिरेक्टरी' (पीडीएफचे मूळ फोल्डर) ठरवून द्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर दुवे उघडत नाहीत. वेबडीएव्ही आणि दुवे दोन्ही ग्रुप लायब्ररीत (अनेकांनी मिळून वापरायच्या लायब्ररीत) चालत नाहीत.

झोटेरोचे अख्खे डेटा फोल्डर मात्र ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमध्ये कधीही हलवू नका. त्यातली 'झोटेरो डॉट एसक्यूलाइट' ही फाइल म्हणजे चालता डेटाबेस आहे. झोटेरो त्यात लिहीत असतानाच क्लाउड सेवा ती उचलू लागली, किंवा दोन संगणकांवर झोटेरो एकदम उघडे राहिले, की डेटाबेस बिघडतो आणि कधी कधी पूर्ण लायब्ररी जाते.

७. झोटेरोत पीडीएफवर केलेल्या खुणा गाईडना पाठवल्यावर दिसल्याच नाहीत. का?

झोटेरो खुणा आणि शेरे पीडीएफमध्ये लिहीत नाही, आपल्या डेटाबेसात ठेवते. त्यामुळे फोल्डरमधून उचलून पाठवलेली पीडीएफ कोरीच जाते. नोंदीवर राइट-क्लिक करून पीडीएफ खुणांसह एक्स्पोर्ट करा. त्या प्रतीत खुणा फाइलीतच उमटतात. स्वतःसाठी याहून उपयोगी सोय म्हणजे खुणांवरून थेट नोट तयार करणे. प्रत्येक उताऱ्याला पान क्रमांकाचा दुवा आपोआप लागतो.

८. संदर्भसूचीत काही शीर्षके मोठ्या अक्षरांत, काही संस्थांची नावे आडनावासारखी उलटी. हे हाताने दुरुस्त करू का?

वर्डमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशला पुसली जाते किंवा तो संदर्भ पुढे अपडेट होणेच थांबते. दुरुस्ती नेहमी झोटेरोतल्या मूळ नोंदीत करा. इंग्रजी शीर्षकावर राइट-क्लिक करून 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट'मधून 'सेंटेन्स केस' करा. ज्या संदर्भशैलीला (संदर्भ लिहिण्याच्या ठरावीक पद्धतीला) प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लागते ती ते स्वतः करून घेते, उलट दिशेने मात्र हे जमत नाही. संस्था लेखक असेल तर नावाच्या शेजारचे बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा. पान क्रमांक किंवा 'पाहा' असे शब्द जोडायचे असतील तर वर्डमधल्या संदर्भावर क्लिक करून प्रिफिक्स, सफिक्स आणि पान हे रकाने वापरा.

९. मराठी पुस्तकांचे संदर्भ झोटेरोत कसे टाकायचे?

युनिकोड देवनागरीत, आणि 'लँग्वेज' रकान्यात मराठीचा कोड भरून. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर पेस्ट केला तर अक्षरांऐवजी चिन्हे येतात. तो आधी कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासा, कारण चुका नेमक्या तिथेच होतात. सूचीत देवनागरी आणि रोमन नोंदी एकत्र असतील तर देवनागरी गट सहसा रोमनच्या खाली जातो. विद्यापीठाला मराठी आणि इंग्रजी सूची वेगळी हवी असेल तर ती विभागणी अगदी शेवटी करा (प्रश्न १० मधील 'अनलिंक' पाहा).

१०. अर्धा मजकूर गूगल डॉक्समध्ये, अर्धा वर्डमध्ये. संदर्भ न तुटता एकत्र कसा करू?

कॉपी-पेस्ट करू नका. दोन्हीकडे झोटेरोचे संदर्भ वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेले असतात, म्हणून पेस्ट केल्यावर ते साधा मजकूर होतात. दिसायला सगळे ठीक दिसते, आणि शैली बदलायची वेळ आली की कळते. गूगल डॉक्समध्ये झोटेरो मेनूतून 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस' उघडा, दुसऱ्या वर्ड प्रोसेसरला जाण्याचा पर्याय निवडा, तयार झालेली प्रत वर्ड स्वरूपात डाउनलोड करा, वर्डमध्ये उघडा आणि झोटेरो टॅबवर 'रिफ्रेश' दाबा. आधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवा.

अंतिम प्रत जर्नलला किंवा छपाईला देताना 'अनलिंक सायटेशन्स' केले की संदर्भ कायमचे मजकूर होतात. हेही प्रतीवरच करा. तिथून मागे येता येत नाही.

११. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा फाइली झाल्यात. नावे कशी द्यायची?

आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२५-०३-०७. मग विषय, मग आवृत्ती: '२०२५-०३-०७_प्रकरण२_आ०४'. तारीख या क्रमाने लिहिली की नावानुसार लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. आवृत्तीला दोन अंक द्या, नाहीतर काही ठिकाणी आ१० हे आ२ च्या आधी दिसते. 'फायनल' हा शब्द नावात नको. जी प्रत प्रत्यक्ष सादर केली तिला 'सादर' लिहा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

विंडोजमध्ये फोल्डरांसह पूर्ण पत्त्याला बऱ्याच ठिकाणी २६० अक्षरांची मर्यादा पडते. फोल्डरात फोल्डर असे सात-आठ थर केले की फाइल हलवता किंवा उघडता येत नाही आणि कारण लक्षात येत नाही. तीन थर पुरे. फाइल कोड किंवा लाटेकमधून (आज्ञा लिहून मजकूर मांडणाऱ्या प्रणालीतून) वाचली जाणार असेल तर नाव रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहा.

१२. सगळे गूगल ड्राइव्हवर आहे. मग बॅकअप वेगळा कशाला?

सिंक म्हणजे इथे झालेला बदल तिथेही होणे. चुकून फोल्डर डिलीट झाले तर तेही सिंक होते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी फाइल कायमची जाते, आणि वर्ड किंवा पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, 'कायम ठेवा' असे सांगितले नसेल तर, ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात. दोन महिन्यांपूर्वी खराब झालेला तक्ता आज लक्षात आला तर तिथे काहीच हाती लागत नाही.

नियम ३-२-१ चा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. व्यवहारात लॅपटॉप, क्लाउड आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी झाल्यावर काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत लॅपटॉपबरोबरच सापडते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून पाहा. झोटेरोचे डेटा फोल्डरही या डिस्कवर घ्या, झोटेरो बंद करून.

१३. गाईडच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर आणि कागदावर येतात. मेळ कसा घालायचा?

एकच तक्ता करा. रकाने पाच: तारीख, प्रकरण व पान, सूचना (जमेल तेवढी त्यांच्याच शब्दांत), काय केले, स्थिती. कागदावरच्या शेऱ्यांचा त्याच दिवशी फोटो काढा. मीटिंग संपल्यावर 'आज असे ठरले' असा चार ओळींचा मेल सरांना किंवा मॅडमना पाठवा. बोलण्यात राहिलेला गैरसमज तिथेच निघतो, आणि सहा महिन्यांनी 'हा भाग कुणी काढायला सांगितला' या प्रश्नाला तारखेसह उत्तर असते. मान्य न केलेली सूचनाही तक्त्यात ठेवा, कारणासह. जर्नलच्या परीक्षकांना उत्तर देताना हाच तक्ता कामी येतो.

१४. एक्सेलने माझा डेटा स्वतःच बदलला. असे कसे?

एक्सेल रकान्यातला मजकूर पाहून प्रकाराचा अंदाज बांधते. '००४५' चे ४५ होते. १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकांचे पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. तारखेसारखे दिसणारे काहीही तारीख होते. जनुकांच्या नावांत हा घोळ इतका झाला की 'सेप्ट' आणि 'मार्च' या गटांतल्या जनुकांची अधिकृत चिन्हेच बदलावी लागली, आणि २०२० मध्ये नामकरणाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तसे नमूद झाले.

सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. रिकामी शीट उघडून 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये युटीएफ-८ निवडा आणि क्रमांकांचे रकाने 'टेक्स्ट' करा. देवनागरी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात तीही याने जातात. मूळ डेटाची फाइल 'रीड-ओन्ली' करून ठेवा आणि सगळी साफसफाई प्रतीवर करा.

१५. परिषदेच्या मुदतीपुढे 'एओई' लिहिले आहे. ती नेमकी कधी संपते?

'एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत. ही वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १२ तास मागे असते, म्हणून १० तारखेची रात्री २३:५९ एओई म्हणजे ११ तारखेची ११:५९ यूटीसी. कॅलेंडरात नोंद यूटीसीमध्ये करा, अ‍ॅप ती तुमच्या घड्याळात बदलून दाखवेल. परदेशी सहकाऱ्यांबरोबरची दर आठवड्याची मीटिंग मात्र त्यांच्याच टाइम झोनमध्ये टाका. तिकडे उन्हाळी वेळ लागू झाली की तुमची नोंद आपोआप सरकते.

१६. प्रबंध वर्डमध्ये लिहू की लाटेकमध्ये? आणि गिट लागेल का?

समीकरणे भरपूर असतील आणि गाईडना लाटेक येत असेल तर लाटेक. गाईड 'ट्रॅक चेंजेस' वापरत असतील तर वर्ड, आणि त्यात शीर्षकांना पहिल्या दिवसापासून 'हेडिंग' स्टाइल लावा. अनुक्रमणिका आणि नॅव्हिगेशन त्यावरच चालतात. लाटेकमध्ये देवनागरी हवी असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक ही त्याची रूपे घ्यावी लागतात. लुआलाटेकमध्ये फाँटला हार्फबझ रेंडरर (अक्षरे जुळवणारा भाग) सांगितला नाही तर जोडाक्षरे फुटू शकतात.

गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्यांचा इतिहास ठेवणारे साधन, कोड आणि लाटेकसाठी फार उपयोगी आहे. वर्डच्या फाइलींसाठी त्याचा फारसा फायदा नाही, कारण दोन आवृत्त्यांतला फरक ओळीगणिक दाखवता येत नाही. गिटहब, म्हणजे गिटमधल्या फाइली ऑनलाइन ठेवण्याची साइट, १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. पासवर्ड किंवा गोपनीय डेटा एकदा कमिट झाला (गिटच्या इतिहासात नोंदला गेला) की नंतर फाइल डिलीट केली तरी तो इतिहासात राहतो. तो पासवर्ड लगेच बदला.

१७. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगचे शब्दांकन एआयकडून करून घेतले तर चालेल का? आणि संदर्भ शोधायला?

रेकॉर्डिंगबद्दल आधी तुमचे संमतीपत्र वाचा. 'माहिती फक्त संशोधकाकडे राहील' असे लिहिले असेल तर ती ऑनलाइन सेवेला देणे हा त्या वचनाचा भंग आहे. स्वतःच्या संगणकावर चालणारे व्हिस्परसारखे मुक्त मॉडेल हा मार्ग आहे, पण त्याचे शब्दांकनही मूळ आवाज ऐकत तपासावे लागते, कारण शांततेच्या जागी ते कधी कधी न बोललेली वाक्ये घालते. सहभागींची नावे आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी फाइल वेगळ्या जागी, एन्क्रिप्ट करून ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट करण्यासाठी बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) चालू करा आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

एआयने दिलेला संदर्भ अस्तित्वात असेलच असे नाही. डीओआय उघडतो एवढे पाहून थांबू नका. डीओआय खरा पण लेख भलताच असेही होते. शीर्षक, लेखक, वर्ष जुळवा आणि जे विधान त्याच्या नावावर टाकता आहात ते लेखात प्रत्यक्ष वाचा.

१८. पदवी मिळाली की विद्यापीठाचे खाते बंद होणार. काय काय वाचवायचे?

खाते नेमके कधी बंद होते ते आयटी विभागाला लेखी विचारा आणि त्याच्या तीन महिने आधी कामाला लागा. विद्यापीठाच्या ईमेलवर काय काय उघडले आहे याची यादी काढा: झोटेरो, ओव्हरलीफ (ऑनलाइन लाटेक), गिटहब, नोशन, जर्नलांच्या सबमिशन साइट्स. प्रत्येक ठिकाणी वैयक्तिक ईमेल जोडा. ऑर्किडवर (संशोधकांना ओळख क्रमांक देणाऱ्या सेवेवर) एकापेक्षा जास्त ईमेल ठेवता येतात, त्यामुळे तिथे वैयक्तिक पत्ता आजच टाकून ठेवा. हा १६ अंकी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो.

मेल आणि ड्राइव्ह 'गूगल टेकआउट'ने उतरवून घ्या, मात्र काही संस्था ते बंद ठेवतात. तसे असेल तर फाइली हाताने डाउनलोड करा. गूगल डॉक्सच्या फाइली वर्ड स्वरूपात बदलतात आणि आवृत्त्यांचा इतिहास मागे राहतो. शेअर केलेल्या फाइली खास तपासा: ज्या तुमच्या मालकीच्या आहेत त्या खात्याबरोबर जातात आणि सहकाऱ्यांनाही उघडत नाहीत.

दुहेरी पडताळणी असेल तर बॅकअप कोड आधी काढा. गूगल आठ अंकी दहा कोड देते, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून ठेवा. फोन हरवल्यावर खात्यात शिरायला हेच उपयोगी पडतात, आणि खाते आधीच बंद झाले असेल तर त्या ईमेलवर येणारा इतर सेवांचा पासवर्ड बदलण्याचा दुवाही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. शेवटी, लेखावर संपर्कासाठी विद्यापीठाचा पत्ता छापला असेल तर मेल वैयक्तिक पत्त्यावर वळवण्याची सोय किती काळ मिळेल तेही आयटी विभागाला त्याच पत्रात विचारा.